साबळेच्या वीस सेकंदांचा हिशेब

वाचकांचे प्रश्न

धावपटू अविनाश साबळेची कारकीर्द आणि ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. टायमिंग ८:०९.९१ असं दिलं असेल तिथे ८ मिनिटं ९.९१ सेकंद असं वाचावं.

प्रश्न : अविनाश साबळेला लांब पल्ल्याचा धावपटू म्हणतात. पण त्याची शर्यत तर तीनच किलोमीटरची, तीही अडथळ्यांची. मुलांना ही शर्यत कशी समजावून सांगावी?
— क्रीडाशिक्षक, संगमनेर

मुलांना आधी आकडा सांगा : पस्तीस. तीन किलोमीटरमध्ये ३५ वेळा अडथळा ओलांडायचा असतो. त्यातले २८ साधे आणि ७ पाण्याचे. पाण्याचं कुंड ट्रॅकच्या आतल्या बाजूला असेल तर एक राउंड ४०० नव्हे, साधारण ३९६ मीटरचा भरतो. असे सात राउंड. उरलेले सुमारे २२७ मीटर सुरुवातीलाच, एकही अडथळा नसताना धावायचे. त्यानंतर दर ७९ मीटरवर एक अडथळा येतो आणि प्रत्येक राउंडमधला चौथा अडथळा पाण्याचा.

पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, म्हणजे बरोबर तीन फूट. वरची पट्टी पाच इंच चौकोनी. वजन ८० ते १०० किलो. शंभर मीटरच्या हर्डलला पाय लागला की हर्डल पडतो, इथे अडथळा जागचा हलत नाही, पडतो तो धावणारा. पाण्याच्या अडथळ्यापुढे १२ फूट लांबीचं कुंड असतं. अडथळ्याजवळ ते सर्वांत खोल, नव्या कुंडांत ५० सेंटिमीटर आणि जुन्यांत ७०. तिथून तळ चढत चढत ट्रॅकला येऊन मिळतो. जितकी लांब उडी, तितकं कमी पाणी.

आता ‘लांब पल्ल्याचा’ का, ते. स्टीपलचेस ही त्याची मुख्य शर्यत. पण नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्ध मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत २१ किलोमीटर धावणारा तो पहिला भारतीय. मे २०२२ मध्ये अमेरिकेत ५००० मीटर १३:२५.६५ मध्ये धावून त्याने बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा १३:२९.७० हा विक्रम मोडला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेतल्यावर तीन दिवसांनी ५००० मीटरचं रौप्यही घेतलं. त्याची ताकद मुळात लांब पल्ल्याची आहे, अडथळे नंतर आले.

प्रश्न : एकाच माणसाने स्वतःचाच विक्रम इतक्या वेळा मोडला असं वाचलं. हे कसं शक्य आहे? एकदाच काय ते पूर्ण जोर लावून का धावत नाहीत?
— वाचक, बार्शी

पूर्ण जोर तो प्रत्येक वेळी लावतच होता. शरीर आणि तंत्र ज्या पायरीवर असतं, त्या पायरीचंच टायमिंग निघतं. म्हणून त्याच्या पायऱ्या ओळीने बघण्यासारख्या आहेत.

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये ८:३०.८८ ही वेळ दिली होती. ती ३७ वर्षं टिकली. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० नोंदवली, म्हणजे जेमतेम एका सेकंदाने पुढे. मार्च २०१९, पतियाळा : ८:२८.९४. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ८:२५.२३ आणि तीन दिवसांनी अंतिम फेरीत ८:२१.३७. त्या प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडझडीत त्याची वाट अडली होती. भारतीय संघाने आक्षेप घेतला, तो मान्य झाला आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. अडखळत धावूनही राष्ट्रीय विक्रम झाला होता, हे तेव्हा फार कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे मार्च २०२१, पतियाळा : ८:२०.२०. टोकियो ऑलिम्पिक : ८:१८.१२, प्राथमिक फेरीत सातवा, अंतिम फेरी हुकली. मार्च २०२२, तिरुवनंतपुरम : ८:१६.२१. जून २०२२, रबात डायमंड लीग (अव्वल धावपटूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिका) : ८:१२.४८. ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल : ८:११.२० आणि रौप्य. जुलै २०२४, पॅरिस डायमंड लीग : ८:०९.९१. असे दहा विक्रम सहा वर्षांत झाले. सगळे मिळून १९.८९ सेकंद कमी झाले.

हे वीस सेकंद आले कुठून? हिशेब करून बघा. ८:२९.८० म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद. दिल्लीची अर्ध मॅरेथॉन तो किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंदांनी धावला. म्हणजे २०१८ मध्ये ज्या वेगाने त्याने तीन किलोमीटर अडथळे ओलांडले, जवळपास त्याच वेगाने दोन वर्षांनी तो सलग २१ किलोमीटर गेला. दिल्लीत अडथळे नव्हते आणि सोबतीला जगातले अव्वल धावपटू होते, हे खरं. तरी एवढा दम असलेल्या धावपटूचं स्टीपलचेसचं टायमिंग खूप खाली येऊ शकतं, हे त्या आकड्यातच दिसत होतं.

दुसरा आकडा. वीस सेकंदांना ३५ अडथळ्यांनी भागा. प्रत्येक अडथळ्याला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त येतं. एका अडथळ्यापुढे दोन पावलं आखडली, जरा उंच उडी गेली आणि उतरल्यावर वेग पुन्हा धरायला तीन पावलं लागली, की अर्धा सेकंद गेलाच. सगळे वीस सेकंद अडथळ्यांवरच वाचले असं म्हणणं बरोबर नाही, सपाटीवरचा वेगही वाढला. २०२३ मध्ये तो ५००० मीटर १३:१९.३० मध्ये धावला, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ४० सेकंद. (हा विक्रम पुढच्या वर्षी गुलवीर सिंगने मोडला.) ८:०९.९१ ला किलोमीटरचा पेस येतो २ मिनिटं ४३ सेकंद. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कमी होत गेलं. यात एकही मोठी झेप नाही, आणि आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

तुमच्या धावपटूचं नुकसान कुठे होतंय ते शोधायचं असेल तर एक चाचणी घ्या. त्याला सपाट ३००० मीटर धावायला लावा. दोन आठवड्यांनी, तशाच हवेत, ३००० स्टीपलचेस धावू द्या. दोन्ही टायमिंगमधला फरक काढा. फरक ३० ते ३५ सेकंद असेल तर तंत्र ठीक आहे, दम आणि वेग वाढवा. फरक ५० सेकंदांच्या वर असेल तर आणखी किलोमीटर टाकून उपयोग नाही, अडथळ्यांच्या तंत्रावर मेहनत घ्या.

प्रश्न : ८:१२ चं टायमिंग नावावर असताना ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेत तो ८:३१ मध्ये अकरावा कसा आला? दबाव आला का?
— महाविद्यालयीन खेळाडू, कोल्हापूर

दबावापेक्षा शर्यतीची जात वेगळी होती. डायमंड लीगमध्ये सुरुवातीचे राउंड ठरलेल्या वेगाने नेणारा पेसमेकर असतो. बाकीचे मागे ओळ धरतात. रबात आणि पॅरिसला टायमिंग निघालं त्यात याचा वाटा आहे. जागतिक आणि ऑलिम्पिक अंतिम फेरीत पेसमेकर नसतो. पदकासाठी वेळ मोजत नाहीत, क्रमांक मोजतात. म्हणून कुणीच पुढे जायला तयार नसतं. २०२२ च्या ओरेगॉनमध्ये असंच झालं. मोरोक्कोचा सूफियान अल बक्काली ८:२५.१३ मध्ये जिंकला, म्हणजे साबळेच्या विक्रमाहून बारा-तेरा सेकंद हळू. संथ शर्यतीत सगळे गर्दी करून धावतात आणि शेवटच्या किलोमीटरला एकदम भडका उडतो. एकसारखा पेस धरून धावणाऱ्याला तो भडका झेपत नाही. भारतातल्या मैदानांवर साबळे बहुतेक वेळा एकटाच पुढे धावलेला. गर्दीत धक्के खात, वेग बदलत धावण्याचा सराव त्याला इथे मिळणार कसा?

तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅमला चित्र पालटलं. तिथे केनियाच्या धावपटूंनी वेग कडक ठेवला आणि तेच साबळेच्या पथ्यावर पडलं. अब्राहम किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. फरक पाच शतांश सेकंद. त्या वेगाला हे अंतर फूटभर भरतं. राष्ट्रकुलमध्ये १९९८ पासून या शर्यतीतली सगळी पदकं केनियाच नेत होता, ती साखळी त्या दिवशी तुटली.

२०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत नियम वेगळा होता. प्रत्येक हीटमधले (प्राथमिक फेरीतल्या गटातले) पहिले पाचच अंतिम फेरीत, वेळेवर कुणालाही जागा नाही. तिथे तो सातवा आला आणि बाहेर पडला. पॅरिस ऑलिम्पिकला हाच नियम होता. या वेळी तो हीटमध्ये बरोबर पाचवा आला, ८:१५.४३. अंतिम फेरीत ८:१४.१८, अकरावा. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला.

तुमच्या सरावात हे आणायचं असेल तर आठवड्यातून एकदा १००० मीटरची चार रिपिटेशन घ्या. पहिले ६०० मीटर आरामात, पुढचे ४०० जितक्या वेगाने जमतील तितक्या. त्या शेवटच्या ४०० मध्ये दोन अडथळे ठेवा. मध्ये चार मिनिटं विश्रांती. चार-पाच जण एकत्र धावा आणि दर वेळी पुढे कोण राहणार ते बदला.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. शाळा चार किलोमीटरवर, रोज पळत जातो-येतो. साबळेही असाच शाळेत पळत जायचा म्हणे. त्याला आत्तापासून स्टीपलचेसला घालावं का? रोज पहाटे दहा किलोमीटर पळवायचा विचार आहे.
— पालक, ता. पाटोदा

पहाटेचे दहा किलोमीटर कृपा करून नकोत. हिशेब मांडा. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, झाले ४८ किलोमीटर. चौदा वर्षांच्या मुलाला एवढं भरपूर आहे. त्यावर रोज दहा टाकले तर आठवड्याला शंभराच्या वर जातील, आणि हाडं अजून वाढतायत.

साबळेचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते पुढेही वाचा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा शाळेसाठी रोज सहा-सात किलोमीटर पळायचा, हे खरंच. घर शेतकऱ्याचं, गाडीची सोय नव्हती. पण त्याला तेव्हा कुणी ‘धावपटू’ म्हणून घडवत नव्हतं. बारावीनंतर तो सैन्यात ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम इथे नेमणुका झाल्या. स्पर्धेतलं धावणं सुरू झालं २०१५ मध्ये, सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून. कोच अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला तो २०१७ च्या सुमाराला, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. जन्म १९९४ चा. पंधराव्या वर्षी त्याने एकही अडथळा ओलांडलेला नव्हता. तुमच्या मुलाच्या हातात आठ वर्षं आहेत.

मग आत्ता काय करावं? शाळेचं पळणं चालू द्या, पण दप्तर पाठीवर घेऊन नको. पळताना दप्तर वरखाली आपटतं, मूल पुढे वाकतं, कंबर आणि मान धरते. वह्या-पुस्तकांचा एक संच शाळेत ठेवता येतो का ते गुरुजींना विचारा, नाही तर दप्तर असेल त्या फेरीला चालत जाऊ द्या. पायात चप्पल नको. महागडे बूट लागत नाहीत, पण टाच घट्ट बसणारे आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहणारे हवेत.

यात आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर ८० मीटरच्या सहा धावा घाला, पूर्ण जोर न लावता पण मोठ्या पावलांनी. एकदा उतारावर नव्हे, चढावर २० सेकंदांच्या सहा ते आठ धावा, चालत खाली यायचं. दोरीवरच्या उड्या. गुडघ्याच्या उंचीचे लाकडी ओंडके किंवा खोके मांडून दोन्ही पायांनी आलटून-पालटून ओलांडणं, हा खेळ समजून. स्पर्धा ८०० आणि १५०० मीटरच्या. रविवारी पूर्ण सुट्टी. सोळाव्या-सतराव्या वर्षी आवड टिकली तर १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २००० मीटरची स्टीपलचेस असते, अडथळा ८३.८ सेंटिमीटरचा.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर जो उंचवटा असतो तो दाबल्यावर दुखत असेल किंवा सुजला असेल तर उड्या आणि चढ लगेच बंद. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू तिथे हाड ओढतो. काही आठवडे भार कमी केला की बहुतेक वेळा उतरतं. तसंच पळवलं तर महिनोन्‌महिने रेंगाळतं.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगायला हवं. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, दूध, शेंगदाणे-गूळ, चालत असेल तर अंडी, एवढ्यावर मूल उत्तम धावतं. डबा मात्र दोन वेळचा द्या. पळून शाळेत गेलेलं मूल दुपारपर्यंत उपाशी राहिलं की संध्याकाळच्या सरावाला अर्थ राहत नाही. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या ग्राउंडवर मातीचा ट्रॅक आहे, लांब उडीचा खड्डा आहे, पण स्टीपलचेसचे अडथळे नाहीत आणि पाण्याचं कुंडही नाही. जिल्हा स्पर्धेत मुलं पहिल्यांदाच अडथळा बघतात. सराव कसा घ्यावा?
— प्रशिक्षक, जत

अडथळा सुताराकडून करून घेता येतो. पाच इंच चौकोनी, सात फूट लांब तुळई घ्या, बाभूळ चालेल. (स्पर्धेतला अडथळा सुमारे १३ फूट रुंद असतो, एकट्याच्या सरावाला सात पुरे.) कडा रंध्याने गोल करा, नाही तर पोटरी सोलून निघते. दोन्ही टोकांना उलट्या टी आकाराचे पाय द्या. पायाचा जमिनीवरचा भाग धावण्याच्या दिशेने चार फूट लांब हवा. उंची बदलता यावी म्हणून उभ्या खांबाला दोन भोकं पाडा, एक अडीच फुटांना आणि एक तीन फुटांना, आणि जाड नट-बोल्ट वापरा. मुलींचा अडथळा ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूटच असतो, त्यामुळे एकाच सांगाड्यात दोघांचं भागतं. जमिनीवरच्या पायांवर वाळूची पोती टाका. तयार झाल्यावर स्वतः वर चढून पुढे-मागे जोर लावून बघा. हलला तर मुलांना त्यावर सोडू नका. लोखंडी हलके हर्डल पाय ठेवून जायला कधीच वापरू नयेत, ते पाय ठेवताच पुढे कलंडतात. तुळईच्या वरच्या अंगाला जुन्या टायरची पट्टी ठोका, साध्या बुटांचा पाय घसरत नाही. पांढरे-लाल पट्टे रंगवा, दुरून अंदाज येतो.

पहिले दोन आठवडे अडीच फुटांवर, चालत. पुढचा पाय गुडघ्यातून वर, मागचा पाय कुशीतून बाहेर फिरवत. उजवा पाय पुढे दहा वेळा, डावा पुढे दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून हळू धावत. अडथळ्याच्या पाच फूट अलीकडे चुन्याची रेघ मारा, पाय तिथे उचलायचा. मुलं जवळ येऊन उडी मारतात, म्हणून उडी उंच जाते आणि वेग मरतो. रेघेवरून उचलला तर शरीर पुढे जातं. डोक्याची उंची फार बदलता कामा नये. बाजूला उभं राहून फक्त डोकं बघा, ते एकदम वर उसळलं की चूक झाली.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अडथळ्यापुढे बारीक बारीक पावलं. कारण भीती, आणि अडथळ्याकडे उशिरा बघणं. पंधरा मीटरवरून नजर वरच्या पट्टीवर हवी आणि शेवटच्या चार-पाच पावलांत वेग किंचित वाढायला हवा. हे दोन्ही पायांनी जमलं पाहिजे. एकाच पायाची सवय असलेला धावपटू पाऊल जुळवण्यासाठी दर वेळी अडखळतो. पस्तीस वेळा अडखळला, की पस्तीस वेळा वेग नव्याने धरावा लागतो.

पाण्याच्या अडथळ्यासाठी लांब उडीचा खड्डा वापरा. अडथळा खड्ड्याच्या काठाला मांडा. वाळू आधी खणून मोकळी करा, खडे काढा. अडथळ्यापासून साडेनऊ-दहा फुटांवर वाळूत आडवी दोरी टाका. तिथे उतरायचं. आता कृती सावकाश बघा. पायाचा पुढचा भाग, टाच नव्हे, पट्टीच्या वरच्या कडेवर येतो. गुडघा वाकलेलाच राहतो, त्यावर उभं राहायचं नाही. शरीर गोळा करून पट्टीवरून पुढे सरकतं. कंबर पट्टीच्या पुढे गेली की मगच तो पाय मागे रेटतो. आधी रेटला तर उडी आभाळाकडे जाते आणि धावपटू कुंडाच्या खोल भागात येऊन पडतो. उतरताना एक पाय वाळूत (कुंडात असेल तर काठाजवळच्या उथळ पाण्यात), दुसरं पाऊल थेट बाहेर कोरड्यावर. दोन्ही पाय एकत्र टेकले की धावणं थांबतं आणि कमरेला झटका बसतो.

आठवड्यातून दोनदाच, एका सरावात ३० ते ४० अडथळ्यांपेक्षा जास्त नको. दोन महिन्यांनी हा सराव द्या : पाच वेळा ६०० मीटर, दर ८० मीटरवर एक याप्रमाणे प्रत्येक ६०० मध्ये सात अडथळे. मध्ये तीन मिनिटं. एकूण ३५ होतात, अख्ख्या शर्यतीएवढे. पायात थकवा असताना तंत्र टिकतं का हे याच सरावात कळतं. शेवटच्या दोन फेऱ्यांत पावलं आखडायला लागली तर तिथेच थांबा, थकलेल्या अवस्थेत चुकीची सवय लागते. स्पर्धेआधी एकदा तरी मुलांना कुंड असलेल्या ग्राउंडवर घेऊन जा. पाण्यात पाय पडल्यावर काय होतं ते वाळू शिकवू शकत नाही.

प्रश्न : साबळे अमेरिकेत कोलोराडोला उंचावर सराव करायचा. आपल्याकडे महाबळेश्वरला सराव केला तर तोच फायदा होईल का?
— वाचक, वाई

नाही. कोलोराडो स्प्रिंग्ज साधारण १८४० मीटर उंचीवर आहे, उटी २२०० मीटरच्या वर. रक्तात लाल पेशी वाढण्याचा फायदा साधारण १८०० मीटरनंतर, तोही तीन-चार आठवडे तिथे राहिल्यावर मिळतो. महाबळेश्वर १३५० च्या आसपास आहे आणि आपलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटर. महाबळेश्वरला हवा थंड असते आणि चढ चांगले आहेत, उन्हाळ्यात तेवढ्यासाठी जरूर जा. शरीरात लोह कमी असेल तर उटीला जाऊनही काही हाती लागत नाही, आधी रक्त तपासा.

प्रश्न : साबळे आष्टीचा, ललिता बाबर माणची. दोन्ही दुष्काळी तालुके, दोघंही स्टीपलचेसचे. हा योगायोग की मातीचा गुण?
— वाचक, दहिवडी

मातीला श्रेय द्यायला आवडेल, पण खरं साम्य त्यांच्या वाटेत आहे. मोहीच्या ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावायच्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या सलग तीनदा पहिल्या आल्या, मग स्टीपलचेसकडे वळल्या. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहाव्या आल्या. दोघांचाही दम आधी तयार झाला, अडथळे नंतर शिकले. आपल्याकडे भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी शेकडो मुलं-मुली आहेत. दम त्यांच्याकडेही आहे. तालुक्याला चार अडथळे आणि ते शिकवणारा एक माणूस मिळाला तर यातून आणखी काही जण पुढे येतील, याची आम्हाला खात्री वाटते. दुष्काळाने धावपटू घडत नाहीत. घडले ते दुष्काळ सोसून.

प्रश्न : मोनॅकोत साबळेच्या गुडघ्याला एवढी मोठी दुखापत कशी झाली? आमच्या मुलांच्या बाबतीत ती टाळता येईल का?
— क्रीडाशिक्षिका, नाशिक

जुलै २०२५ मध्ये मोनॅको डायमंड लीगच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्यावर पडला. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध आणि मेनिस्कस ही गादी, दोन्हींना इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. दोनच महिने आधी, मे मध्ये, दक्षिण कोरियातल्या गुमीला त्याने आशियाई अजिंक्यपद ८:२०.९२ मध्ये जिंकलं होतं. सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

एसीएल मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर सरकू देत नाही. उडीनंतर सगळा भार एका पायावर येतो. त्या क्षणी पाऊल जमिनीत रुतलेलं आणि कमरेवरचं अंग वळलेलं असेल तर गुडघा आत कोसळतो आणि पीळ बसतो. गर्दीत, कुणाला चुकवताना, हे कुणालाही होऊ शकतं. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण वेगाने उड्यांवर यायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं.

पूर्ण टाळता येत नाही, शक्यता कमी करता येते. मुलांना एका पायावर उभं करून पायरीवरून खाली उतरायला लावा आणि समोरून बघा. गुडघा अंगठ्याकडे आत झुकत असेल तर त्या मुलाला अजून अडथळ्यावर घालू नका. आठवड्यातून तीनदा एका पायाचे स्क्वॉट, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम आणि मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसून, कुणीतरी घोटे धरून, हळूहळू पुढे झुकण्याचा व्यायाम. सहा-सहाचे दोन संच पुरेत. शर्यतीत गर्दी असेल तर अडथळ्याआधी अर्धी लेन बाहेर निघायला शिकवा. अर्ध्या मीटरचं जास्त अंतर पडतं, पण पट्टी दिसते आणि उतरायची जागाही.

प्रश्न : पाण्यात भिजल्यावर बूट जड होतात. मोजे घालावेत का?
— खेळाडू, अहिल्यानगर

पातळ जाळीचे स्पाईक (तळाला खिळे असलेले बूट) घ्या, ज्यातून पाणी दोन-चार पावलांत बाहेर पडतं. सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात आणि सरकतात. बिनमोज्यांचं धावायचं असेल तर सरावातच सवय करा. टाचेला आणि अंगठ्याच्या बाजूला पातळ व्हॅसलिन लावा. लेस दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा, ओली लेस सैल पडते. नवे स्पाईक शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी बादलीत भिजवून त्यात दोन राउंड धावून बघा, कुठे घासतंय ते तेव्हाच कळेल.